काट्यांची पाणंद

लग्न लावून मी केंदूरहून निघाले, तेव्हा वऱ्हाडाची जीप भांडगावच्या पुढं हायवे सोडून आत वळली आणि थोड्या वेळात थांबली. मला वाटलं, घर आलं. बाहेर बघितलं तर नुसती काळी रानं, लांबवर उसाचे तुरे आणि उन्हात पांढरे बगळे. नवरा म्हणाला, "इथनं चालायचं. फुडं गाडी जात न्हाई."

रानं नुकतीच भिजवलेली होती. शालू गुडघ्यापर्यंत धरून मी बांधाबांधानं चालायला लागले. वाटेवर बैलांच्या खुरांचे ठसे होते आणि प्रत्येक ठशात पाणी साचलं होतं, त्या पाण्यात आभाळ होतं. मी खाली बघत चालले होते, त्यामुळं मला वाटत राहिलं की आपण आभाळाच्या तुकड्यांवरनं चाललोय आणि पाय चुकला तर थेट खाली पडू. मागनं माझी मावशी कुरकुरत होती, "असल्या जागी पोरगी दिली गं बाई!" मला मात्र ते ऐकूच येत नव्हतं. सासरच्या घराची माझी पहिली आठवण म्हणजे घर नव्हेच, ती वाट आहे.

आमची खालची वस्ती. म्हणजे भावकीची चार-दोन घरं, गोठे, विहीर आणि भोवती रान. घराला लागूनच पाणंद होती. दोन्हीकडं बांध आणि मधून बैलगाडी जाईल एवढी जुनी वाट, तिला आमच्याकडं पाणंद म्हणतात. हायवेकडनं ती आमच्या दारावरनं जायची, पुढं ओढा ओलांडून वरच्या वस्तीवर चढायची आणि कालव्याच्या रस्त्याला मिळायची. पण हे सगळं पूर्वी. मी आले तेव्हा आमच्या रानाच्या हद्दीत पाणंद नांगरून टाकलेली होती आणि ओढ्याच्या अलीकडं बाभळीच्या काट्यांचा पुरुषभर उंच ढीग आडवा घातला होता. पलीकडच्यांनी ओढ्याच्या काठाला आडवा चर खोदलेला. कुणी कुणाकडं जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी केलेली ही सोय.

वरच्या वस्तीवर पूर्वीचे मेंढपाळ राहतात. त्यांच्या आज्या-पणज्यांच्या काळात ते मेंढरं घेऊन फिरायचे, मग इथं जमीन घेतली, विहिरी पाडल्या, शेतकरी झाले. थोडी मेंढरं तेवढी राहिली. माझ्या लग्नाच्या आधी ती मेंढरं आमच्या ओंबीला आलेल्या गव्हात शिरली. त्यावरनं बोलाचाली झाली, बोलाचालीवरनं काठ्या निघाल्या. माझ्या चुलत सासऱ्यांचा हात मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. पलीकडच्या एका माणसाच्या कानशिलावर काठी बसली. दोन्हीकडनं केसेस झाल्या, दौंडच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. बाजारात समोरासमोर आले तर माणसं तोंड फिरवून मिठाचा भाव विचारायची.

रस्ता पक्का करायचा तर पाणंद या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी पाहिजे, दोन्ही वस्त्यांची संमती पाहिजे, असं ग्रामपंचायतीनं कितीदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. आम्ही आमच्या चिखलात, ते त्यांच्या. दुधाची गाडी आत यायची नाही, गॅसची टाकी हायवेपासनं खांद्यावर आणावी लागायची. आमच्या ह्यांनी एकदा हौसेनं गुलछडी लावली. फुलं अशी आली की घराला रात्रंदिवस वास. पण भिजल्या वाटेनं डोक्यावरच्या पाटीतनं हायवेपर्यंत नेईस्तोवर ऊन व्हायचं आणि कळ्या मान टाकायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी गुलछडी मोडून परत ज्वारी पेरली. वास मात्र घरात बरेच दिवस राहिला, किंवा मला तसं वाटायचं.

मी गवत कापायला त्या काट्यांच्या बाजूला जायची, कारण तिथं कुणी फिरकत नसल्यानं गवत दाट होतं. एका सकाळी काट्यांत काहीतरी फडफडलं. कोकरू होतं. अगदी लहान, काळ्या तोंडाचं, लोकर काट्यांना गुंतलेली. मी विळा ठेवला, हात आत घातला, ओरबाडे सोसत त्याला सोडवलं. पलीकडनं, ओढ्याच्या बाजूनं, बाईचा आवाज आला, "सोडवलं का? द्या हिकडं, खालनं सरकवा."

मी काट्यांच्या बुडाखालनं कोकरू सरकवलं. पलीकडनं एक हात आला, मनगटावर हिरवं गोंदण. कोकरू घेऊन हात गेला.

"कुनाची गं तू?" आवाजानं विचारलं.

"खालच्या वस्तीवरची. धाकटी सून."

पलीकडं पावलं वाजली. मला वाटलं, गेली. मग आवाज आला, "बोलण्यावरनं हिकडची वाटत न्हाईस."

"माहेर केंदूर."

"केंदूर!" ती एकदम उजळून म्हणाली. मला चेहरा दिसत नव्हता, तरी ती उजळली हे कळलं. "अगं, तुमच्या गावाच्या वरल्या माळावर आमच्या म्हायेरचा तळ पडायचा. मी ल्हान व्हते. तवा माझा बा मेंढरं घिऊन फिरायचा. सांच्याला मी टेकडावर बसायची आन् खाली तुमच्या गावात दिवं लागल्यालं बघायची. त्यातला एक दिवा मी माझा धरला व्हता. कडंचा, जरा लांबचा. म्हनायची, ते माझं घर."

मी विळ्याची मूठ धरून उभी राहिले. आमचं घर गावाच्या कडेला, जरा लांबच आहे. ते मी तिला लगेच सांगितलं नाही. मी सांगितलं ते वेगळंच. थंडीत एखाद्या सकाळी जाग यायची तर माळावरनं घंटा वाजत असायच्या. दार उघडून बघितलं की माळ पांढरा होऊन हळूहळू सरकत असायचा. मला वाटायचं, धुकंच वाजतंय.

"ती आमचीच," ती म्हणाली. आमचीच असतील की दुसऱ्या कुणाची, कुणाला ठाऊक. पण आम्ही दोघींनी ते खरं धरलं.

त्यानंतर आम्ही बोलत राहिलो. मी तिला अक्का म्हणायला लागले. ठरवलेलं काही नसायचं. मी गवताला गेले की खोकायची, ती असली तर कोकराला मोठ्यानं शिव्या द्यायची, म्हणजे समजायचं. एकमेकींना कधी नीट बघितलं नाही. काट्यांच्या फटीतनं कधी पदराची कड, कधी बांगड्या. तिच्या भरघोस आवाजावरनं मी मनात एक उंच, दांडगी बाई उभी केली होती. घरी भाकरी थापतानाही ती बाई माझ्याशी बोलायची. कधीकधी तर मला खात्री नसायची, की अमुक एक गोष्ट ती खरंच बोलली, की मी आपली चुलीपुढं बसून ऐकली.

एकदा तिनं सहज सांगितलं, "माझ्या मालकाला येका कानानं ऐकू येत न्हाई. काठी बसली व्हती नव्हं, तवापास्नं."

ती काठी कुणाची, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. चुलत सासरे, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांचीच, हात मोडायच्या आधीची. मी म्हटलं, "अक्का, आमच्या तात्यांना त्या हातानं घास घेता येत न्हाई."

"व्हय, ऐकलं मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्याकडं मेथी हाय का गं?" आणि आम्ही मेथीवर बोललो.

माझी मुलगी झाली त्या थंडीत अक्कानं काट्यांवरनं एक गठुडं टाकलं. आत लहानशी घोंगडी होती, कोकराच्या लोकरीची, मऊ, काळी-करडी. मी ती कपड्यांच्या खाली लपवून ठेवली. पण बाळाला गार लागायला लागलं तशी काढली. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, ती हातात घेतली, कडेवरनं बोट फिरवलं. असली घोंगडी बाजारात मिळत नाही आणि त्या वस्तीशिवाय कुणी विणत नाही, हे त्यांना कळणारच होतं. त्यांनी घोंगडी उलटसुलट बघितली, बाळाच्या अंगावर घातली, पायाकडनं नीट खोचली आणि म्हणाल्या, "कड उसवली हाय जरा. दोरा घाल, न्हाईतर फुडं उसवत जाईल."

बस. त्यावर पुन्हा कधी बोलणं नाही.

त्या उन्हाळ्यात गॅसची टाकी संपली की कधीकधी पंधरवडा चूलच पेटायची, कारण टाकी आणायला माणूस रिकामा नसायचा. जळण कमी पडायला लागलं. एका संध्याकाळी मी बघितलं, आत्या काट्यांच्या ढिगापाशी वाकल्यात आणि वाळलेल्या काट्या कोयत्यानं हळूच तोडून मोळी बांधतायत. मला बघून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "नुसत्याच पडल्यात न्हवं. भाकरी तरी भाजंल." आम्ही दोघी मोळीला हात लावून उचलत होतो, तेवढ्यात पलीकडनंही कडकड आवाज आला. कोयत्याचाच. आत्यांनी कान दिला आणि पदरानं तोंड पुसलं. हसू पुसलं की घाम, ते अंधारात कळलं नाही.

सगळा उन्हाळा ते चाललं. इकडनं आम्ही, तिकडनं त्या. बाप्यांच्या लक्षात आलं नाही, कारण त्या बाजूला बघायचंच नाही अशी त्यांच्या मानेला सवय झाली होती. ढीग बारीक होत गेला. आधी त्यातनं उजेड दिसायला लागला, मग ओढ्याचं पाणी, मग पलीकडच्या कडुलिंबाचा बुंधा.

एका सकाळी तात्या रानात गेले आणि त्यांना समोर, अगदी समोर, वरच्या वस्तीची म्हैस चरताना दिसली. मध्ये काहीच नव्हतं. त्यांनी जी आरोळी ठोकली तिच्यानं आमचे सगळे बापे धावले. तिकडनंही धावले.

"काट्या चोरल्या! रातोरात वाट पाडायचा बेत हाय ह्यांचा!"

"आम्ही कशाला चोरू? तुमीच काढल्या, आमच्या हद्दीत शिरायला!"

कुणाच्या हातात खोरं होतं, कुणाच्या काठी. लेक कडेवर, तिला पदराखाली घेतलं. तेवढ्यात आत्या आल्या. कोपरापर्यंत पीठ, तशाच चुलीपुढनं उठून आलेल्या. बाप्यांच्या मधनं त्या पुढं गेल्या आणि म्हणाल्या, "कोन कुनाला चोर म्हनतंय? काट्या मी जाळल्या. सारा उन्हाळा त्याच काट्यांवर तुमच्या भाकरी भाजल्या. ग्वाड लागल्या का न्हाई?"

मग मामा, म्हणजे माझे सासरे, तिकडं बोट करून म्हणाले, "आन् तिकडनं? तिकडनं कुनी नेल्या?"

पलीकडच्या गर्दीतनं एका म्हातारीचा आवाज आला, अक्काचा नव्हे, "तिकडनं मी. तुमच्या बायकांची आन् माझी जात येकच, दादा. आमालाबी चूल हाय."

आधी आमचे हे हसले. मग तिकडचं कुणीतरी. हसू फार नव्हतं, दाबलेलंच, पण हातातलं खोरं खाली आलं. मामा बांधावर बसले. मग मान वर करून पलीकडच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला विचारलं, "आबा, तब्येत कशी हाय?"

"बरी हाय," आबा म्हणाले. "गुडघं धरत्यात. तुमची?"

"चाललंय."

त्या दिवशी एवढंच झालं. सगळे आपापल्या घरी गेले, म्हैसही. पण पुन्हा काट्या टाकायला कुणी गेलं नाही.

पुढं मंडळ अधिकारी आले, मोजणी झाली. मोजणीच्या रेषेत आमची लिंबाची एक ओळ गेली आणि त्यांच्या गोठ्याची भिंत. मामांनी ती झाडं दुसऱ्या कुणाला तोडू दिली नाहीत, स्वतः तोडली, आणि तोडायच्या आधी कच्ची लिंबं पोत्यात भरून दोन्ही वस्त्यांवर वाटली. आबांनी भिंत पाडली. चर बुजवला. केसेस काढून घ्यायचं ठरलं, ते मात्र सावकाश झालं. तात्या संमतीच्या कागदावर सही करेनात. "मी सही करनार न्हाई," ते म्हणाले, "पन आडवा बी येनार न्हाई." ते तसेच वागले.

मग मुरमाचे हायवा, म्हणजे मोठाले डंपर, आले. इतकी धूळ की दुपारचं ऊन तांबडं दिसायचं. रोलर चालवणारा बिहारचा होता. "भाभी, पानी मिलेगा?" म्हणत दोन्ही टोकांना थांबायचा. खाली आमच्याकडं कोरड्यास-भाकरी, वर त्यांच्याकडं दही. एकदा म्हणाला, "यहाँ तो मेरी दो-दो ससुराल हो गई." आत्यांना ते कुणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याला वाटीभर गूळ जास्त दिला.

डांबर पडायच्या आधी बरेच दिवस पाणंद नुसत्या दाबलेल्या मुरमाची होती. तांबूस, सपाट, पायाला गार. त्या दिवसांइतके सुंदर दिवस मला आठवत नाहीत. अजून गाड्या नव्हत्या. संध्याकाळी भाकरीच्या आधी बायका काहीबाही निमित्त काढून त्या वाटेवर यायच्या आणि नुसत्या चालायच्या. अनवाणी. कुठं जायचं नसायचं. या टोकापासनं त्या टोकाला आणि परत. माझी लेक त्याच वाटेवर पळायला शिकली, पडली तरी चिखल लागेना याचंच तिला नवल.

काट्यांची आड गेल्यापासनं अक्काचं-माझं बोलणं झालं नव्हतं. अशाच एका संध्याकाळी वरनं बायका आल्या. मी उंच, दांडग्या बाईला शोधत होते. ती काही दिसेना. मग एका बारक्या, वाळकुंड्या, केस पिकलेल्या बाईनं पदर सावरला आणि मनगटावरचं हिरवं गोंदण दिसलं. मी थांबले. तीही थांबली.

"तू व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, थोराड असशील."

"मलाबी," मी म्हटलं.

इतकी वर्षं बोललो, आणि आता समोर एक परकी बाई. आम्ही शेजारीशेजारी चाललो. पाऊस, म्हैस, पोरगी, एवढं बोलून झालं. घरी येऊन मला रडू आलं. माझं माणूस हरवलं असं वाटलं. तिच्या जागी दुसरीच कुणी आली, जिच्याशी नव्यानं ओळख करायला पाहिजे.

ओळख झाली ती कामात. रस्ता झाल्यावर आमच्या ह्यांनी पुन्हा गुलछडी लावायचं काढलं. मामा आबांकडं गेले आणि मेंढरं आमच्या रानात बसवायला मागितली. पूर्वी बसायचीच. काही दिवस मेंढरांचा तळ रानात पडला, लेंडीखत झालं आणि जमीन अशी फुगली की पाय टाकला तर मऊ लागायचा. अक्काच्या मालकानं जुना टेम्पो घेतला. फुलं आमची आणि त्यांचीही, कारण पुढच्या हंगामात त्यांनीही लावली. भांडगावच्या फाट्यावर पुण्याच्या फूलबाजाराला जाणारी गाडी उभी राहते, तिथवर पोचवायची. उजाडायच्या सुमाराला आम्ही कळ्या तोडायला उतरायचो. ती एका सरीत, मी दुसऱ्या सरीत, मध्ये कमरेएवढी गुलछडी. दोघींच्या नजरा हाताकडं. आणि मग बोलणं आपोआप सुरू झालं, त्या पहिल्या आवाजात. तेव्हाच मी तिला सांगितलं, की केंदूरला आमचं घर गावाच्या कडेला आहे, जरा लांब. ती कळी तोडत म्हणाली, "म्हंजी तू माझ्याच घरात ऱ्हात व्हतीस की!"

टेम्पोची एक गोष्ट सांगायलाच हवी. तात्या नव्या रस्त्यानं जायचे नाहीत, शेजारच्या बांधावरनं चालायचे. पण वय झालं, बांध घसरडा झाला, तसे गुमान रस्त्याच्या कडेनं जायला लागले. एक दिवस अक्काच्या मालकानं त्यांच्याजवळ टेम्पो थांबवला. नुसता दरवाजा उघडला. तात्या त्याच्या बहिऱ्या कानाकडं होते. "नको," तात्या म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही, तो थांबून राहिला. तात्या पुन्हा म्हणाले, "नको म्हनतो ना." तो थांबलेलाच. मागं दुधाच्या गाडीनं हॉर्न वाजवला. शेवटी तात्या चढले. हे मी मागं फुलांच्या पाट्यांत बसून बघितलं. भांडगावच्या फाट्यावर टपरीपाशी तात्यांना मोडक्या हातानं चहाचा कप धरता येईना, तेव्हा त्या माणसानं खाली बशी धरली. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. तात्या गेले तेव्हा तो मातीला आला होता, मागं उभा होता.

सगळं गोड झालं असंही नाही. उसाच्या ट्रॉल्यांनी डांबर उखडतं, ओढ्यावरची मोरी दर पावसाळ्यात तुंबते, ती कुणी काढायची यावरनं दोन्ही वस्त्यांत तणतण होते. रस्ता झाला तशी रानाला गिऱ्हाइकंही यायला लागली, काळे चष्मेवाली. फुलाचा बाजार कधी असतो, कधी नसतो. पण लेक केडगावला शाळेत सायकलनं जाते, आणि पावसाळ्यात तिचे कपडे कोरडे असतात. मला एवढं पुरतं.

मी स्कूटी शिकले, तीही याच वाटेवर. परवा टेम्पो बिघडला म्हणून फुलांच्या दोन पाट्या पुढं-मागं बांधून मीच निघाले, अक्का माझ्या आणि मागच्या पाटीच्या मध्ये बसली. दाट धुकं. दिवा लावला तरी पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसेना. उजवीकडनं गुऱ्हाळाचा वास आला, काहिलीतला रस उकळत असणार, आणि त्या वासावरनं मला कळलं की वळण जवळ आलंय. अक्का म्हणाली, "हळू घे गं." मी हळू घेतलं. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलं. झोपली होती. मी तशीच जपून चालवत राहिले, खड्डे चुकवत, फाट्याच्या दिशेनं.